नावाडी ऐकत नाही

आत्याला फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवून मैना बाहेरच्या बाकावर टेकली, तेव्हा शेजारी एक म्हातारे गृहस्थ गेम खेळत बसले होते.

मैना हे तिचं घरचं नाव. लहानपणी ती इतकी बडबडायची की आत्याने ते ठेवलं, आणि पुढे बडबड आटली तरी नाव राहून गेलं. आता ती स्वतः कमी बोलायची, दुसऱ्यांना बोलतं करायची – तेही पोटापाण्यासाठी. गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती पात्रांचे संवाद लिहायची. राजा काय म्हणेल, चोर काय म्हणेल, आणि खेळणाऱ्याला त्यावर कोणती उत्तरं निवडता येतील, हे सगळं तिच्या डोक्यातून निघायचं.

गृहस्थांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता, भांग सरळ रेषेत. उजवा हात मात्र मांडीवर पडलेला, जणू कुणी दुसऱ्याने तिथे ठेवून दिलाय. डाव्या हाताच्या अंगठ्याने ते बटणं दाबत होते. दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावू नये हे मैनेला कळत होतं. तरी तिने डोकावलंच… आणि ती सरसावून बसली. धुकं, नदी, आणि नावेत बसलेला नावाडी. तिचाच नावाडी!

नावाडी विचारत होता, ‘वाटसरू, तुझं दुःख काय आहे?’ खाली तीन उत्तरं होती. गृहस्थांनी पहिलं निवडलं, ‘माझं माणूस गेलं.’ नावाडी म्हणाला, ‘प्रत्येकाला काही ना काही असतंच. चल, बस नावेत.’ ते मागे गेले. दुसरं उत्तर निवडलं, ‘मी घर हरवून बसलोय.’ नावाडी म्हणाला, ‘प्रत्येकाला काही ना काही असतंच. चल, बस नावेत.’ तिसऱ्यालाही तेच.

गृहस्थांनी गेम पलीकडे बसलेल्या माणसाच्या हातात दिला आणि एकच शब्द उच्चारला. “तारीख.”

शेजारचा माणूस तिशीचा असावा. गडद पँटवर पांढरे केस चिकटलेले, मनगटावर ताजा ओरखडा, आणि डोळ्यांत झोप अपुरी झाल्यासारखं मऊ काहीतरी.

“बाबांचं म्हणणं असं आहे,” तो थेट मैनेला म्हणाला, जणू तीच न्यायाधीश आहे, “की या नावाड्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करावं. प्रश्न विचारतो, आणि उत्तर ऐकत नाही.”

“एवढं सगळं एका शब्दात म्हणाले?”

“वकील आहेत. थोडक्यात बोलायची सवय नव्हती… आता लागली.”

मैनेला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. वकीलसाहेबांनीच भुवई उडवून तिला परवानगी दिली.

“आणि तुमचं काय म्हणणं?” तिने विचारलं.

“माझं? लिहिणाऱ्याला त्या दिवशी लवकर घरी जायचं असणार.”

“तसं नव्हतं काही,” ती पटकन बोलून गेली, आणि मग जीभ चावली.

त्याने मान तिरकी केली. तो काही विचारणार, एवढ्यात आतून काठी टेकत आत्या आली. आत्या आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. भिंतीपलीकडचं बोलणंही तिच्या कानातून सुटत नसे.

“कोण गं तुझ्या नावाड्याला नावं ठेवतंय?” ती म्हणाली.

त्या माणसाचे कान लाल झाले. आधी टोकं, मग पाळ्या, मग सगळंच. मैनेने ते अगदी सावकाश, मनापासून पाहून घेतलं.

*

तो जनावरांचा डॉक्टर होता. माफी मागता मागता त्याने सगळं सांगितलं. मागच्या वर्षी वडिलांना झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. समजतं सगळं, वाचतात सगळं; पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडतो. आयुष्यभर कोर्टात तारखा घेतल्या आणि तारखा दिल्या, तेवढाच काय तो जिभेवर उरला. भूक लागली तरी तारीख, राग आला तरी तारीख. खूश असले की जरा लांबवून, तारी…ख.

“मग गेम?” मैनेने विचारलं.

“गेममध्ये वाक्यं तयार असतात ना. फक्त निवडायची. दिवसभरात बाबा एखादं आख्खं वाक्य बोलतात, ते तिथेच.” तो थांबला. “म्हणून त्या नावाड्याचा एवढा राग. बाहेर कुणाला कळत नाही ते समजू शकतो. पण तिथे तरी…”

त्याने वाक्य पुरं केलं नाही. मैनेला ते घरी पोचेपर्यंत पुरलं. संध्याकाळी आत्याच्या गुडघ्याला तेल लावतानाही तिच्या कानात तेच वाजत होतं – पण तिथे तरी.

खरं तर नावाड्याची तीन वेगळी उत्तरं तिने लिहिली होती. एक तर चांगलं दोन पानी होतं. पण कंपनीच्या मालकाने, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, ती कापली होती. कॅप्टनचं साधं गणित होतं. वाटेला फाटे फोडले की काम दुप्पट होतं, चुका चौपट होतात, आणि खेळणाऱ्याला निवडल्याचं समाधान मिळालं म्हणजे झालं. खरंच काही बदललं की नाही हे कोण तपासायला बसतंय?

“एक माणूस बसलाय,” दुसऱ्या दिवशी मैना कॅप्टनच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, आणि तिने त्याची सगळी हकीकत सांगितली.

नव्या गेमचं काम सुरू होतं. त्यात एक थकलेला सरदार आपल्या तरुण सोबत्याला घेऊन गावी परततो, आणि वाटेत एका पुलावर राखणदार बाई भेटते. तो एक प्रसंग मला द्या, मैना म्हणाली. ही बाई खरोखर ऐकेल. जे सांगाल त्याप्रमाणे बोलेल, आणि पुढेही ते लक्षात ठेवेल. कॅप्टनने चष्मा कपाळावर चढवला, डोळे चोळले, कुरकुर केली. शेवटी म्हणाले, कर. पण बाकीचं काम सांभाळून, आणि कुणा खऱ्या माणसाकडून तपासून घे.

खरा माणूस कोण, हे विचारायची गरजच नव्हती. मैनेने डॉक्टरला फोन केला. काकांना वेळ आहे का, असं तिने विचारलं. तो म्हणाला की काकांना वेळच वेळ आहे, पण त्यांच्या मुलाचाही दवाखाना रविवारी दुपारी बंद असतो, हेही तिला माहीत असलेलं बरं.

*

रविवारच्या दुपारी सुरू झाल्या त्या अशा.

खाली डॉक्टरचा दवाखाना, वर घर. खाली औषधांचा आणि ओल्या केसांचा वास, पिंजऱ्यात ऑपरेशन झालेलं एखादं कुत्रं गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून रुसलेलं. वरच्या खोलीत कायद्याची जाड पुस्तकं, खिडकीपाशी वकीलसाहेबांची खुर्ची. मैना लॅपटॉप उघडायची, पूलवालीचं बोलणं दाखवायची, आणि वकीलसाहेब निवडायचे. आत्याही यायची, ‘मला घरी बसून काय करायचंय’ म्हणत. पहिल्याच दिवशी तिने खुर्ची ओढली आणि वकीलसाहेबांना सांगून टाकलं की उभं आयुष्य तिने लोकांचे खरखरणारे, तुटणारे आवाज एकमेकांना जोडून दिलेत, तेव्हा एका शब्दाने तिचं काही अडणार नाही. आणि खरंच अडलं नाही. “पंखा बंद करा म्हणतायत,” ती सांगायची. “कॉफीत साखर कमी झाली म्हणतायत.” वकीलसाहेब लांबवून म्हणायचे, तारी…ख.

मैनेला एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. उत्तरं लिहिताना ती आजवर एक चांगलं, एक वाईट आणि एक गमतीचं लिहायची. माणूस तसा बोलतच नाही. वकीलसाहेबांचं बोट एखाद्या वाक्यावर घुटमळायचं, पुढे जायचं, परत यायचं. जे वाक्य हवं होतं ते तिथे नसायचं, म्हणून ते त्यातल्या त्यात जवळचं उचलायचे – बाजारात हवा तो रंग न मिळालेल्या माणसासारखे. मग मैना ते वाक्य मोडायची, पुन्हा जुळवायची. पूलवालीने आधीचं काही लक्षात ठेवून नंतर सहज बोलून दाखवलं की वकीलसाहेब ताठ बसायचे. नुसतं निवडता आलं यात त्यांना समाधान नव्हतं. आपण बोललेलं कुठेतरी जाऊन पोचलं, हे त्यांना दिसायला हवं होतं.

आणि डॉक्टर? डॉक्टर खिडकीच्या कठड्याला टेकून हे सारं बघायचा. कधी वडिलांकडे… बऱ्याचदा नाही.

“तुम्ही लोकांना बोलायला लावता,” तो एकदा म्हणाला. “माझे पेशंट बोलतच नाहीत. आपली चांगली जोडी आहे.”

“कशाची जोडी?” मैनेने मान वर न करता विचारलं.

“धंद्याची.”

“हो का.”

“सध्या धंद्याचीच,” तो म्हणाला आणि कप उचलून आत गेला. मैना बराच वेळ एकच ओळ पुसून पुन्हा लिहीत बसली.

एका रविवारी खालून खडखडाट झाला. जिन्यात एक काणी, चिडलेली मांजर पिंजऱ्यातून सुटून वर येत होती आणि मागून डॉक्टर. “धर! धर तिला, सोडू नकोस!” मैनेने शाल टाकली, मांजर शालीत, शाल मैनेच्या कुशीत, आणि डॉक्टर धापा टाकत समोर.

“माफ करा,” तो म्हणाला. “घाईत तोंडातून… ‘तू’ गेलं.”

“मांजर सापडली,” मैना म्हणाली. “‘तुम्ही’ सुटलं ते सुटलं. आता त्याच्या मागे नको धावूस.”

त्याने शालीखाली हात घालून मांजर घेतली. त्याची बोटं तिच्या बोटांवरून गेली, जरा सावकाशच गेली. मांजर गुरगुरली. दोघांपैकी कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं.

त्या दिवशी घरी परतताना आत्याने रस्ताभर एक अक्षर काढलं नाही. आत्याचं गप्प बसणं म्हणजे पेपरात बातमी छापून येण्यासारखंच होतं.

*

खालच्या दवाखान्यात, औषधांच्या कपाटावर, एका समुद्रपक्ष्याचा फोटो चिकटवलेला होता. तेलाने काळवंडलेले पंख, आणि त्याला धरलेले दोन हात. मैनेने एकदा त्याबद्दल विचारलं. डॉक्टर पट्टी गुंडाळत होता. त्याने गुंडाळणं थांबवलं नाही. समुद्राकाठी जखमी पक्ष्यांचं इस्पितळ आहे, तो म्हणाला. शिकत असताना तिथे काम केलं होतं. गेल्या वर्षी त्यांनी बोलावलं – कायमचं, मुख्य डॉक्टर म्हणून. त्याच महिन्यात बाबांना झटका आला. फोन करून ‘नाही’ कळवलं. ते लोक अजून अधूनमधून विचारतात, जागा अजून भरलेली नाही.

“काकांना माहीत आहे?”

“छे. त्यांना कशाला सांगायचं? उगाच मनाला लावून घेतील.”

मैना वर गेली. आत्या वकीलसाहेबांना पेपर वाचून दाखवत होती. स्क्रीनवर पूल होता, पूलवाली होती, आणि सरदाराच्या मागे अर्ध्या पावलावर तो तरुण सोबती उभा होता. गेले तीन-चार रविवार वकीलसाहेब एक विचित्र गोष्ट करत. पूलवालीला सोडून ते त्या सोबत्यावर बोट ठेवत. त्याच्यावर, मग पुलाच्या पलीकडे. पुन्हा त्याच्यावर, पुन्हा पलीकडे. आणि अगदी हळू म्हणत, तारीख… तारीख… आत्यालाही त्याचा अर्थ लागला नव्हता.

मैनेला तो लागला, त्या क्षणी. ती खुर्चीपाशी वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “काका, तुम्ही तो फोन ऐकला होतात. हो ना?”

वकीलसाहेबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

म्हणजे वर्षभर हा माणूस एक वाक्य शोधत होता. कागदावर अक्षर उमटत नव्हतं, जीभ साथ देत नव्हती, आणि ज्याला सांगायचं तो ‘बाबा, काही हवंय का’ म्हणत पाण्याचा पेला पुढे करत होता. ते वाक्य मैना लिहू शकत होती. जगात ती एकटीच.

तिने ते लिहिलं नाही.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, प्रसंग अजून जमत नाहीये. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाली, ऑफिसात काम निघालंय, आणि गेलीच नाही. घरी बसून भिंतीकडे बघत राहिली. वाक्य लिहिलं तर तो जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. समुद्र काही शेजारच्या गल्लीत नव्हता. आणि अजून तर काहीच झालं नव्हतं – एक शाल, एक मांजर, एक ‘सध्या’. एवढ्याशावर हक्क तरी कसला सांगायचा?

आत्या तिच्याशेजारी येऊन बसली. “वकीलसाहेबांचं काय अडलंय ते तुला कळलंय,” ती म्हणाली. “मला कळलं नाही, पण तुला कळलंय एवढं मला कळलं. एक्स्चेंजमध्ये आम्हाला एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगायचे. दोन्हीकडची माणसं काय बोलतात ते आपल्याला आवडो न आवडो… आपण तार जोडायची.”

“आणि आपल्याच घरची तार तुटली तर?”

आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मैनेने लॅपटॉप पुढे ओढला.

*

त्या रविवारी आभाळ भरून आलेलं होतं, बारीक पावसाची भुरभुर होती. डॉक्टर चौघांची कॉफी घेऊन आत येत होता, तेव्हा पूलवाली विचारत होती, ‘सरदार, तुझे पाय थकलेत, ते दिसतंय. पण मागचा हा तरुण? हा कुणासाठी थांबलाय?’

खाली चार उत्तरं होती. वकीलसाहेबांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांनी मैनेकडे पाहिलं, आणि त्यांचा डावा अंगठा एका वाक्यावर टेकला.

‘हा माझ्यासाठी थांबलाय. मी त्याला थांब म्हटलं नव्हतं. जा म्हणायचं राहून गेलं.’

सोबती पुढे आला. ‘तुम्हाला एकट्याला जमणार नाही,’ तो म्हणाला.

‘नाही जमणार,’ वकीलसाहेबांनी निवडलं. ‘म्हणून मी एकटा राहणार नाही. माणसं शोधेन. पण तुझं आयुष्य खर्चून नाही.’

‘लोक म्हणतील, म्हाताऱ्याला टाकून गेला.’

‘लोकांना मी सांभाळतो. तेच करत आलोय जन्मभर.’

कॉफीचा ट्रे कुठेतरी टेकल्याचा आवाज झाला. वकीलसाहेबांनी खुर्ची वळवली. डाव्या हाताने त्यांनी मुलाच्या छातीवर बोट टेकवलं, मग खिडकीबाहेर, लांब कुठेतरी दाखवलं. “तारीख,” ते म्हणाले. आवाज ठाम होता, लांबवलेला नव्हता. युक्तिवाद संपवून कोर्टात खाली बसताना ते असेच बोलत असतील.

डॉक्टर जिना उतरून खाली गेला.

मैना खाली आली तेव्हा तो टेबल पुसत होता. स्वच्छ टेबल.

“माझ्याबद्दल लिहिलंस,” तो म्हणाला.

“काकांसाठी लिहिलं.”

“मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. आणि त्यांना आणखी एक वर्ष तेच म्हणत राहायला लागलं असतं.”

तो पुसायचा थांबला. राग होता, पण तो पाण्यासारखा उतरत होता. खाली काय उरलं होतं ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. “वर्षभर मी त्यांना पाणी देत होतो,” तो म्हणाला. “ते मला जा म्हणत होते, आणि मी पाणी देत होतो.”

मैनेने त्याच्या दंडावर हात ठेवला. पाऊस काचेवर टिचक्या मारत होता.

“तुला काय वाटतं?” त्याने विचारलं. “मी जावं?”

“काकांना वाटतं.”

“मी तुला विचारलं, मैना.”

किती पात्रांना तिने किती वाक्यं दिली होती! आणि आता तिच्या ओठांवर आलं ते असं की तिलाच त्याची शरम वाटली. “चांगलं काम आहे ते,” ती म्हणाली. “तुला आवडेल.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, अजून काही येईल म्हणून थोडं थांबला. मग मान हलवली. “बरं,” तो म्हणाला.

*

तो गेला. दवाखाना त्याच्या एका मित्राने चालवायला घेतला. वकीलसाहेबांसाठी एक नर्स राहायला आली, आणि आत्या रोज सकाळी आपलं काठीचं खट खट करत हजर होऊ लागली. एका महिन्यात तिने त्यांना ‘नको’ हा दुसरा शब्द मिळवून दिला. आता त्यांचं भांडण चांगलं रंगतं, असं ती अभिमानाने सांगायची.

कॅप्टनने पूलवालीचा प्रसंग खेळून पाहिला. एकदा खेळले, मग पुन्हा, वेगळी उत्तरं निवडून. बहुतेक लोक पहिलं बटण दाबून पुढे पळतील, त्यांना हे दिसणारही नाही, असं ते म्हणाले. ज्याला काही सांगायचं असेल तो थांबेल, मैना म्हणाली. कॅप्टनने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. मग विचारलं, “या बाईला आवाज कुणाचा घ्यायचा?” एवढंच. प्रसंग राहिला. जाता जाता म्हणाले, जुना नावाडीही दुरुस्त करून टाक, त्याची मला लाज वाटायला लागलीय.

डॉक्टरचे फोन यायचे. पक्ष्यांबद्दल सांगायचा, वाऱ्याबद्दल सांगायचा. मैना ‘हो का’ म्हणायची, ‘वा’ म्हणायची, आणि फोन ठेवला की उशीत तोंड खुपसायची. तिच्याच नावाड्यासारखं झालं होतं सगळं. तो काहीही बोलला तरी तिचं उत्तर तेच.

एका सकाळी तिने रजा टाकली, एक पिशवी भरली आणि समुद्राकडे जाणाऱ्या बसमध्ये जाऊन बसली. आत्याने कुठे चाललीस असं विचारलंसुद्धा नाही. स्वेटर घे, वारा असतो, एवढं म्हणाली.

इस्पितळ म्हणजे किनाऱ्यावरची पत्र्याची लांब शेड होती. आत पाण्याची टाकी, साबणाचा फेस, माशांचा उग्र वास आणि पक्ष्यांचा कलकलाट. डॉक्टर गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत उभा होता, एका मोठ्या पांढऱ्या पक्ष्याचा पंख पसरून धुवत होता. त्याने वर पाहिलं आणि साबण त्याच्या हातातून निसटला. त्याच क्षणी पक्ष्याने झटका दिला.

“पकड!” तो ओरडला. “टॉवेल घे… मान धर, हलकी, हां, तशीच. सोडू नकोस.”

मैनेने पक्षी छातीशी धरला. केवढं ते जड, ओलं, धडधडणारं ओझं! चोच तिच्या हनुवटीपाशी होती. तो समोर वाकून पंखावरचं तेल पुसत होता, आणि त्याचे केस तिच्या इतक्या जवळ होते की त्यांतली वाळू दिसत होती.

“कशी काय आलीस?” त्याने मान वर न करता विचारलं.

“त्या दिवशी तू विचारलं होतंस, मी जावं का.” ती म्हणाली. “मी म्हटलं, चांगलं काम आहे. ते खोटं नव्हतं. पण ते उत्तर नव्हतं.”

त्याचा हात पंखावर थांबला.

“तू जावंस असं मला वाटत नव्हतं,” ती म्हणाली. “एक मिनिटसुद्धा नाही. आणि तू राहिला असतास तर मला आवडलं नसतं, तेही खरं. दोन्ही खरं आहे. मला तू आवडतोस. म्हणजे… आवडतोस हा शब्द फार छोटा आहे, पण हा पक्षी एवढा जड आहे की मला दुसरा सुचत नाहीये.”

पक्ष्याने चोच उघडून मिटली. बाहेर लाट फुटल्याचा आवाज आला. डॉक्टरचे कान लाल होत गेले.

“एक मिनिट,” तो म्हणाला. “मला उत्तर द्यायचंय, आणि त्याला हात मोकळे लागतील.”

त्याने पक्षी तिच्याकडून घेतला, कोरड्या गवताच्या खणात अलगद ठेवला, जाळी लावली. मग नळाखाली हात धरले. साबण लावला, धुतले. हुंगून पाहिले, पुन्हा साबण लावला.

“किती धुशील?” मैना म्हणाली.

“माशांचा वास जात नाही गं.”

“राहू दे,” ती म्हणाली, आणि त्याचे ओले हात तिने आपल्या हातांत घेतले.